नशिबाची खातेफोड

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

आदरणीय सल्लागार, सप्रेम नमस्कार.

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. धनकवडीत भाड्याच्या घरात राहते आणि डेक्कनजवळच्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात नोकरी करते. थोडक्यात सांगायचे तर माझे नशीबच फुटके आहे. म्हाडाच्या घरासाठी तीन वेळा अर्ज केला, तिन्ही सोडतींत नाव लागले नाही. शेवटच्या वेळी तर जिचा हातगुण चांगला आहे असे सगळे म्हणतात, त्या मैत्रिणीकडून अर्जाचे बटण दाबून घेतले होते. तिला स्वतःला मात्र पहिल्याच अर्जात घर लागले, आणि तिची आत्ताची नोकरीही एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंमुळे मिळाली. मी हल्ली अगदी जवळचे लग्न असेल तरच जाते. माझ्यानंतर चार वर्षांनी कंपनीत आलेल्या सहकाऱ्याला बढती मिळाली. मी कधी कुणाकडे काही मागितले नाही, नशिबात असेल तर मिळेल म्हणून गप्प राहिले. हवी ती बस नेहमी नुकतीच निघून गेलेली असते. २०१९ मध्ये आंबील ओढ्याला पूर आला त्या रात्री आम्ही तिघे माझ्या माहेरी सासवडला होतो, आणि इकडे आमच्या तेव्हाच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरून नवी स्कूटर वाहून गेली. तिचे हप्तेसुद्धा फिटले नव्हते. आई म्हणते, साडेसाती चालू आहे. मैत्रीण म्हणते, साडेसाती वगैरे काही नसते, तू विचार बदल म्हणजे नशीब बदलेल. त्यासाठी ती मला दोन दिवसांच्या एका शिबिराला नेणार आहे, शुल्क साडेसात हजार रुपये. हे सगळे मी सोसले असते, पण गेल्या महिन्यात माझ्या आठवीतल्या मुलीला गणिताच्या चाचणीत कमी गुण पडले तेव्हा ती म्हणाली, “मला तुझंच नशीब आलंय.” शिबिराला जाऊ का? विचार बदलल्याने नशीब खरेच बदलते का?

एक वाचक, धनकवडी

सल्ला

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. विचार बदलल्याने सोडतीचा निकाल बदलत नाही. मात्र आपले लक्ष कशाकडे जाते, आपण काय लक्षात ठेवतो, कुणाशी बोलतो आणि काय मागण्याचे धाडस करतो, हे विचारांनी नक्की बदलते, आणि आपण ज्याला सरसकट नशीब म्हणतो त्याचा बराच मोठा भाग याच गोष्टींतून तयार होत असतो. तुमच्या पत्रात सोडत, बस, पूर, बढती आणि मैत्रिणीची नोकरी या पाचही गोष्टी एकाच खात्यावर टाकल्या गेल्या आहेत. कंपनीच्या वह्यांत अशी नोंद तुम्ही एक दिवसही चालू दिली नसती. तेव्हा आधी खाती वेगळी करू.

म्हाडाची सोडत हा निव्वळ योगायोगाचा भाग आहे. समजा, एका घरामागे वीस पात्र अर्ज आले, तर तीन सोडतींत अर्ज भरणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे ८६ जणांना तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतावे लागते. स्पर्धा याहून तीव्र असेल, तर हा आकडा आणखी वाढतो. म्हणजे तुमच्या बाबतीत जे घडले ते बहुतेकांच्या बाबतीत घडते, आणि अपवाद आहे तो तुमच्या मैत्रिणीचा. तिचे आपण मनापासून अभिनंदन करू, पण तिच्या हातगुणाचा आणि सोडतीच्या संगणकाचा काहीही संबंध नाही. योगायोगाच्या खेळातही कुणाचा तरी हात लागल्याने काही फरक पडेल असे वाटणे, हा माणसाचा फार जुना स्वभाव आहे. एलेन लँगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांना लॉटरीचे एक डॉलरचे तिकीट स्वतः निवडू दिले होते आणि काहींच्या हाती ते नुसते ठेवले होते. पुढे तेच तिकीट विकत मागितल्यावर स्वतः निवडणाऱ्यांनी सरासरी ८.६७ डॉलर मागितले, तर इतरांनी १.९६. दोन्ही प्रकारच्या तिकिटांची जिंकण्याची शक्यता अगदी सारखीच होती. आणखी एक गोष्ट तुमच्या मैत्रिणीला जरूर सांगा. नशिबाच्या मानसशास्त्रावर अनेक वर्षे काम केलेले ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी लॉटरी खेळणाऱ्या शेकडो लोकांची पाहणी केली, तेव्हा स्वतःला नशीबवान समजणाऱ्यांना जिंकण्याची खात्री इतरांपेक्षा कितीतरी अधिक वाटत होती, पण प्रत्यक्ष जिंकण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता.

बसचे गणित थोडे गमतीचे आहे, कारण तिथे तुमची तक्रार काही अंशी खरी आहे. समजा, पीएमपीच्या एखाद्या मार्गावर दर दहा मिनिटांनी बस असावी असे ठरले आहे, पण रहदारीमुळे प्रत्यक्षात एक बस पाच मिनिटांनी आणि पुढची पंधरा मिनिटांनी येते. सरासरी दहा मिनिटांचीच राहिली. पण तुम्ही थांब्यावर कोणत्याही क्षणी पोहोचलात, तर चारपैकी तीन वेळा तुम्ही त्या पंधरा मिनिटांच्या लांब खंडातच सापडणार, कारण वेळेचा मोठा भाग त्यानेच व्यापलेला असतो. त्यामुळे “माझ्याच वाट्याला नेहमी उशीर येतो” हे वाक्य त्या थांब्यावरचा जवळजवळ प्रत्येक माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो. आणि ज्या दिवशी जाताच बस मिळते, तो दिवस लक्षात ठेवण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

साडेसातीबद्दल आईंशी वाद घालू नका. एवढेच ध्यानात घ्या की पत्रिकेच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे शनी एका राशीत साधारण अडीच वर्षे असतो आणि साडेसाती आपल्या राशीच्या आधीची रास, आपली रास आणि पुढची रास अशी तिन्ही मिळून धरतात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असतेच. ढोबळमानाने चौथाई पुणे सदैव साडेसातीत असते, आणि त्या चौथाईतही बढत्या मिळतात, घरे होतात, मुले पहिली येतात. शनिवारी आईंना घेऊन शनिपाराला जावेसे वाटले तर अवश्य जा, त्यांना बरे वाटेल. फक्त “आता काळ बरा नाही” म्हणून एखादा अर्ज, एखादी मुलाखत किंवा एखादे बोलणे पुढे ढकलले जात असेल, तर तिथे मात्र ठाम राहा.

आता पुराबद्दल. माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर याच दोन ओळींत आहे, आणि तो तुम्ही जाता जाता लिहिला आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने जे केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. त्या पावसात शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतली कित्येक ओढ्याकाठच्या वस्त्यांमधली होती. त्या रात्री तुमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले तेव्हा तुम्ही, तुमचे यजमान आणि तेव्हा लहान असलेली तुमची मुलगी सासवडला सुखरूप झोपला होता. या प्रसंगाची तुमच्याकडे एकच नोंद आहे, ती स्कूटरची. तिचे हप्ते भरताना झालेला त्रास खरा आहे आणि तो कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, पण त्या रात्री घरात माणसे नव्हती हे तुमच्या नशिबाच्या वहीत कुठेही जमेला धरलेले दिसत नाही. खर्चाच्या पावत्या जपून ठेवायच्या आणि जमेच्या फेकून द्यायच्या, मग वर्षअखेरीस तोटा दिसतो यात नवल ते काय?

यात तुमचा काही विशेष दोष नाही. एखाद्या घटनेला आपण सुदैव म्हणतो की दुर्दैव, हे त्या घटनेपेक्षा आपण तिची तुलना कशाशी करतो यावर अधिक ठरते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती अभ्यासून १९९५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले होते की कांस्यपदक मिळालेले खेळाडू रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा अधिक आनंदी दिसतात, कारण दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू हुकलेल्या सुवर्णाकडे पाहत असतो आणि तिसऱ्या क्रमांकाचा “पदकच मिळाले नसते तर” असा विचार करत असतो. पुण्याला हे सांगायला ऑलिंपिकची गरज नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतून जी कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, त्यांच्या घरांत आजही त्या दिवसाच्या हकिगती निघतात, तेव्हा एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांपैकी एकात “आमचे सगळे गेले” अशी सुरुवात होते आणि दुसऱ्यात “आम्ही सगळे वाचलो” अशी. दोन्ही वाक्ये खरी असतात. ज्या घरात माणूस गेले त्या घराला दुसरे वाक्य म्हणायला लावणे हा क्रूरपणा ठरेल. तुमच्या घरात मात्र, सुदैवाने, दोन्ही वाक्ये एकाच वेळी म्हणता येतात, आणि तुम्ही आजवर एकच म्हणत आला आहात.

मैत्रिणीच्या नोकरीकडे वळू. तिथे विचारांचा खरा प्रभाव दिसतो. वाइजमन यांचा एक प्रसिद्ध प्रयोग असा आहे की स्वतःला नशीबवान आणि कमनशिबी म्हणवणाऱ्या लोकांना एक वर्तमानपत्र देऊन त्यातली छायाचित्रे मोजायला सांगितली. दुसऱ्याच पानावर भल्यामोठ्या अक्षरांत छापलेले होते की मोजणे थांबवा, या अंकात ४३ छायाचित्रे आहेत. नशीबवान म्हणवणाऱ्यांच्या ते चटकन लक्षात आले. कमनशिबी म्हणवणारे बहुतेक जण मान खाली घालून छायाचित्रे मोजत राहिले. यावरून विचारांमुळेच नशीब घडते असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते, कारण ज्यांना आयुष्याने आधीच चटके दिलेले असतात ते चिंतेमुळे हातातल्या कामाबाहेर पाहू शकत नाहीत, असेही असू शकेल. पण कारण कोणते, परिणाम कोणता हे बाजूला ठेवले, तरी मान खाली असली की शेजारचे दिसत नाही, एवढे तर खरे.

आता पंगत पाहा. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या त्या कार्यालयांच्या रांगेत लग्नसराईत रोज हजारो माणसे अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवतात, आणि बहुतेक जण जिलबी आणि मठ्ठा संपवून हात धुतात. तुमची मैत्रीण शेजारच्या बाईंशी बोलली. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ च्या आपल्या शोधनिबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची माहिती दिली होती. ज्या माणसामुळे नोकरी कळली, तो वारंवार भेटणाऱ्यांपैकी होता असे सांगणारे जेमतेम १७ टक्के होते. उरलेल्यांना नोकरीची खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण साधे आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते, नवी बातमी लांबच्या वर्तुळातून येते. दोन कोटींहून अधिक लोकांच्या लिंक्डइनवरील संपर्कांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही जवळच्या ओळखींपेक्षा थोड्या दूरच्या ओळखी नोकरी बदलायला अधिक उपयोगी पडतात असेच दिसले. त्या बाई पंगतीत शेजारी आल्या हा योगायोग होता, यात शंका नाही. पण मैत्रीण लग्नाला गेली होती आणि तोंड उघडून बोलली होती, हे दोन्ही योगायोग नव्हते. तुम्ही “अगदी जवळचे लग्न असेल तरच जाते” असे लिहिले आहे. कमनशिबी असल्याच्या भावनेने तुम्हाला घरी बसवले आणि घरी बसल्यामुळे नवे काही घडत नाही, म्हणून ती भावना आणखी पक्की होते. ही साखळी विचारांनीच जोडलेली आहे, त्यामुळे ती तोडणेही तुमच्या हातात आहे. दूरच्या लग्नांची आमंत्रणे परत स्वीकारा, जुन्या कंपनीतल्या दोनतीन सहकाऱ्यांना फोन करा, सोसायटीच्या गणपतीत हिशेबाचे काम मागून घ्या. यातून नोकरीच मिळेल असे आश्वासन मी देत नाही.

बढतीच्या बाबतीत मला थोडे स्पष्ट बोलू द्या. तुम्ही ती मागितली नाही. ज्याला मिळाली त्याने ती मागितली होती का, हे तुम्हाला माहीत आहे का? आपल्याकडे, विशेषतः मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना, मागणे हे हावरटपणाचे लक्षण म्हणून शिकवले जाते, आणि मग न मागता न मिळालेल्या गोष्टीला नशीब म्हणून मोकळे होता येते. “नशिबात असेल तर मिळेल” या वाक्याने नकार ऐकण्याची वेळ टळते, ही त्यातली सोय आहे. पुढच्या अप्रेझलच्या आधी वरिष्ठांची वेळ घ्या, गेल्या दोन वर्षांत तुम्ही सांभाळलेली कामे एका पानावर लिहून न्या, आणि विचारा की बढतीचे निकष कोणते आहेत, त्यांपैकी मी कुठे कमी पडते आणि ते कधीपर्यंत भरून काढावे. उत्तर ईमेलने मागा. कदाचित निकष कळतील आणि तुम्ही ते पुढच्या वर्षी पूर्ण कराल. कदाचित असेही दिसेल की निकषच नाहीत, किंवा आहेत ते बायकांसाठी वेगळे वापरले जातात. तसे असेल तर ती गोष्ट तुमच्या नशिबाचीही नाही आणि विचारसरणीचीही नाही, तो अन्याय आहे, आणि त्याला अन्यायच म्हणावे. दुसरी नोकरी शोधण्यासाठी तो पुरेसा आधार आहे.

इथेच मला “विचार बदला, नशीब बदलेल” या उपदेशाची भीती वाटते. ज्याच्या घरावर ओढा आला, ज्याची कंपनी बंद पडली, ज्याच्या घरात आजारपण आले, त्याला हे वाक्य ऐकवले की त्याच्या दुःखात अपराधाची भर पडते. आपण कोणत्या घरात, कोणत्या गावात, किती शिकलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलो, हे सगळ्यांत मोठे नशीब आहे आणि त्यात आपला काडीइतकाही वाटा नसतो. म्हणून शिबिराला जाऊ नका, असेच मी सुचवेन. मैत्रिणीचा आग्रह मोडवत नसेल, तर पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढेच विचारा की गेल्या तीन वर्षांत किती जणांनी हे शिबिर केले आणि त्या सर्वांचे पुढे काय झाले. व्यासपीठावर येऊन अनुभव सांगणारे पाचसहा जण नकोत, सर्वांचे सांगा म्हणावे. उत्तर देताना ते विषय बदलतील, असा माझा अंदाज आहे. (साडेसाती घालवण्याचे शुल्क साडेसात हजार, हा मात्र योगायोग फारच जमून आला आहे.)

मुलीच्या वाक्याने तुम्ही हादरलात हे समजू शकतो. तिला “नशीब वगैरे काही नसते” असे एकदम सांगायला जाऊ नका, कारण ते खरे नाही आणि आठवीतल्या मुलीला खोटे लगेच कळते. चाचणीचा पेपर घेऊन तिच्याशेजारी बसा आणि गेलेल्या प्रत्येक गुणाचे कारण तिलाच लिहू द्या. कुठे चिन्हाची चूक असेल, कुठे रीतच आली नसेल, कुठे वेळ पुरला नसेल, आणि एखादा प्रश्न खरोखरच तिने सोडून दिलेल्या धड्यावर आला असेल. त्या शेवटच्यापुढे तिने “नशीब” असे लिहिले तर लिहू द्या, बाकीच्यांपुढे तो शब्द बसणार नाही हे तिला आपोआप दिसेल. मुले उपदेशापेक्षा घरातली बोलण्याची रीत उचलतात, म्हणून घरी आल्यावर “मेली माझीच बस चुकते” ऐवजी “आज बस वीस मिनिटे आली नाही” इतकेच म्हणण्याची सवय काही आठवडे लावून पाहा. पुराच्या रात्रीची गोष्टही तिला एकदा पूर्ण सांगा, सासवडसकट.

एक शंका विचारून ठेवतो. झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, आपण घरच्यांवर ओझे आहोत असे वाटते, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तो विचारसरणीचा प्रश्न नसून नैराश्याचा आजार असू शकतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतूनही बोलता येते.

आणि म्हाडाची पुढची जाहिरात आली की चौथा अर्ज जरूर भरा. घर न लागल्यास अनामत रक्कम परत मिळते, त्यामुळे बुडण्यासारखे फारसे काही नाही. कागदपत्रे आधीपासून तयार ठेवा, उत्पन्नगट नीट तपासा, आणि या खेपेला बटण तुम्हीच दाबा.